बायकोच्या वतीने लिहिलेला माफीनामा

वाचकांच्या अनाकलनीय अनुभवांच्या या सदराचं पान मी आजवर न वाचताच उलटत आलो. वाचायची ती वसुधा, माझी बायको. मधेच हसून म्हणायची, "ऐका हो, या बाईंच्या माळ्यावर रोज दुपारी कोणीतरी चालतं म्हणे." मी म्हणायचो, "मांजर असेल." मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस. ज्याचं माप घेता येत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि आजही ठेवत नाही. तेव्हा 'पटलं ना शेवटी?' अशी पत्रं कृपा करून कोणी पाठवू नयेत.

मी हे लिहितोय ते रागाने. भुताचा राग नाही. शाळेचा आहे...

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही साताऱ्याकडचे, माझ्या नोकरीमुळे बेंगळुरूला आलो आणि यशवंतपूरला राहिलो. रेल्वे यार्डाच्या पलीकडे एक इंग्रजी माध्यमाची शाळा होती - नाव देत नाही - तिथे वसुधा लायब्ररियन होती. तळमजल्यावर पाण्याच्या टाकीशेजारची खोली म्हणजे लायब्ररी. काचेच्या दारांची लोखंडी कपाटं, दोन लांब टेबलं आणि एका कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या कापडाखाली, टीव्ही आणि व्हीसीआर. शाळेला या टीव्हीचा फार अभिमान. पाहुणे आले की आधी ते कापड काढून दाखवायचे.

शैक्षणिक व्हिडिओ कॅसेटी होत्या. पचनसंस्था, ज्वालामुखी, समुद्राखालचं जग वगैरे. वसुधाला त्या आवडायच्या. पण तिची एक खोड होती. ज्वालामुखी आता फुटणार, धूर निघायला लागला, पोरं पुढे सरकून बसली, की ही बटण दाबून कॅसेट बंद करायची. "मिस! प्लीज मिस!" असा गलका व्हायचा. ही शांतपणे म्हणायची, "पुढचं तिसऱ्या कपाटात आहे." आणि वर्ग तिसऱ्या कपाटावर तुटून पडायचा.

तिची दुसरी सवय सांगणं जरुरीचं आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नवं पुस्तक ती कधी मुलांच्या हातात तसंच द्यायची नाही. आधी ते 'मोकळं' करायची. पुस्तकाचा कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही पुठ्ठे दोन बाजूंना खाली पाडायचे. मग पुढची थोडी पानं घेऊन शिवणीजवळ अंगठ्याने वरपासून खालपर्यंत हलकं दाबत जायचं, मग मागची थोडी, मग पुन्हा पुढची... असं करत मध्यावर यायचं. म्हणजे बांधणी तुटत नाही आणि पुस्तक हव्या त्या पानावर सपाट उघडं राहतं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की संध्याकाळी घरी आणून ती हेच करत बसायची. मी पेपर वाचायचो. बोलणं फार नसायचं आमचं. पानांचा तो एक आवाज असायचा.

एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती गेली. याहून जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत जाऊन कपाटांची किल्ली हेडमिस्ट्रेसबाईंच्या हातात दिली. त्यांनी माझ्यासमोर ती ड्रॉवरमध्ये टाकली. "शी वॉज अ जेम," म्हणाल्या. कॉफी दिली.

त्यानंतर शाळेने काय केलं ते मला पुढे कळलं. नवी लायब्ररियन नेमलीच नाही. कपाटांना कुलपं लागली. लायब्ररीचा तास पी.टी.च्या सरांना दिला. ते प्लेचं बटण दाबायचे आणि खुर्चीत पेपर उघडायचे. ज्वालामुखी दर आठवड्याला फुटायचा, पूर्ण फुटायचा, आणि पोरं टेबलावर डोकं ठेवून झोपायची. बरं, नवी पुस्तकं यायचीच! इन्स्पेक्शनला दाखवायला लागतात ना. दुकानातून गठ्ठा यायचा, कपाटात रचला जायचा, कुलूप. काचेतून कणे दिसले की झालं. "मुलांना दिली तर खराब होतात," हे त्या शाळेतलं वाक्य मी स्वतः ऐकलंय. लायब्ररीची पुस्तकं वाचली तर खराब होतात!

त्याच वर्षी थंडीत, एका दुपारी ऑफिसात फोन आला. हेडमिस्ट्रेसबाई. "मिस्टर सबनीस, जरा येऊन जाता का? एक डेलिकेट मॅटर आहे."

गेलो. त्यांच्या खोलीत शाळेचे सेक्रेटरी बसले होते. बोम्मसंद्र्याला त्यांचा कारखाना, अंगठ्या घातलेले हात, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय. कोपऱ्यात एक मुलगी उभी होती, बारा-तेरा वर्षांची, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. रेणुका तिचं नाव. तिचे वडील दाराजवळ हेल्मेट हातात धरून उभे. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. परीक्षेत 'मला आवडणारा प्राणी' असा निबंध आला होता. सगळ्यांनी गाय आणि कुत्रा लिहिला. रेणुकाने ऑक्टोपस लिहिला. त्याला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं, मादी अंड्यांची राखण करता करता खाणंपिणं सोडते आणि पिल्लं बाहेर आली की मरते. वर्गाच्या बाईंनी विचारलं, हे कुठून काढलंस? ती म्हणाली, लायब्ररीतल्या पुस्तकातून. आता, ते पुस्तक वसुधा गेल्यावर आलेलं होतं. एकाही मुलाला ते दिलेलं नव्हतं. म्हणून कपाट उघडलं... तर आतली नवी पुस्तकं वापरलेली.

"वापरलेली म्हणजे?" मी विचारलं.

"नासधूस," सेक्रेटरी म्हणाले. चार-पाच पुस्तकं त्यांनी टेबलावर ढकलली. "कोरी होती. आता बघा. उघडली की तशीच पडून राहतात. बोटांचे डाग पण आहेत. कुलूप शाबूत आहे, म्हणजे डुप्लिकेट किल्ली." घसा खाकरून ते माझ्याकडे बघत राहिले.

हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, "डोन्ट मिसअंडरस्टँड मी. मिसेसकडे एखादी जास्तीची किल्ली...? आणि ही मुलगी त्यांची लाडकी होती..."

म्हणजे गेलेल्या माणसाने चोरकिल्ली करून ठेवली होती आणि जाताना ती एका मुलीला देऊन गेली! माझी कानशिलं तापली. पण तोवर ऑक्टोपसचं पुस्तक मी हातात घेऊन टेबलावर ठेवलं होतं.

ते तळहातासारखं उघडं राहिलं.

मी पान बदललं. तिथेही तसंच. शेवटी, सुरुवातीला, मध्यावर, कुठेही. लक्षात घ्या, वाचून पुस्तक असं होत नाही. वाचून ते एखाद-दोन ठिकाणी सैल पडतं, जिथे वाचणारा रेंगाळतो तिथे. हे दोन्ही टोकांकडून सारखं, अगदी शिवणीपर्यंत, मोकळं केलेलं होतं. दुसरं पुस्तक घेतलं. तिसरं घेतलं. वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून हे काम करणारा हात मी ओळखणार नाही?

"रेणुका," मी मराठीतच विचारलं, कारण तिचे वडील मघाशी तिच्याशी मराठीत कुजबुजलेले मी ऐकले होते. ही बेंगळुरूची जुनी मराठी घरं, पिढ्यानपिढ्या इथलीच. "कपाट तू उघडलंस?"

"नाही, अंकल."

"मग वाचलंस कसं?"

तिने खाली बघितलं. "वाचली मी. तुमच्या पायाची शपथ. सगळी वाचली."

"बघा!" सेक्रेटरी म्हणाले. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण मान खाली गेलेली दिसली ना, तेवढं पुरे होतं. "टी.सी. द्या. इतर मुलांना धडा मिळेल."

वर्षाच्या मधे टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मिळालेल्या मुलीला कोणती शाळा घेते? तिचे वडील पुढे आले. "साहेब, असं नका करू. हिची आजी आधीच म्हणते, पुरे शिकणं, घरात बसवा. तिला निमित्तच पाहिजे." हे त्यांनी कन्नडमध्ये सेक्रेटरींना सांगितलं आणि पुन्हा मराठीत मला सांगितलं, जणू माझ्या हातात काही होतं.

मी भांडखोर माणूस नाही. ऑफिसात माझा आवाज शेजारच्या टेबलालाही कधी गेला नाही. पण त्या दिवशी मी म्हणालो, "तुम्ही माझ्या बायकोला चोर म्हणताय आणि या मुलीला तिची साथीदार. ठीक आहे. नवं कुलूप आणा, तुमच्या पसंतीचं. किल्ली तुमच्या खिशात ठेवा. दाराशी पडलेला, आज आलेला हा नव्या पुस्तकांचा गठ्ठा माझ्यासमोर आत ठेवा. दारावर कागदाची पट्टी चिकटवून आपण सह्या करू. आठवडाभर ही मुलगी शाळेत येणार नाही, घरी राहील. मग उघडा."

मला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मुलीला आठवडाभर तरी वाचवावं, इतकंच.

सेक्रेटरींना कल्पना आवडली. गठ्ठा दुकानातून त्याच दिवशी आला होता, सुतळीसकट. रेणुका आणि तिचे वडील निघून गेल्यावर तो लायब्ररीत नेऊन सोडला. मी एक पुस्तक घेतलं. जाड पुठ्ठ्याची एक गोष्ट होती, मुखपृष्ठावर दीपगृह. उघडून टेबलावर ठेवलं तर फटकन मिटलं. सगळी तशीच ताठ. दुसऱ्या कपाटात ती रचली, सेक्रेटरींनी ड्रायव्हरकडून आणवलेलं भलंमोठं कुलूप लावलं, पट्टी चिकटवली, तिघांनी सह्या केल्या. खिडकीला गज होतेच.

आठवड्याने, भर सकाळी, आम्ही पुन्हा तिथेच. रेणुका आणि तिचे वडील बाहेर व्हरांड्यात बसले होते.

पट्टी जशीच्या तशी. सह्यांवर धुळीचा पातळ थर. कुलपावर साधा ओरखडा नाही. सेक्रेटरी हसले. "बघितलंत? मुलगी घरी राहिली, पुस्तकं सुरक्षित!"

त्यांनी स्वतः कुलूप काढलं. मी दीपगृहाचं पुस्तक काढलं आणि मधेच कुठेतरी उघडून टेबलावर ठेवलं.

ते उघडं राहिलं.

दुसरं काढलं... राहिलं. हेडमिस्ट्रेसबाईंनी तिसरं स्वतः काढलं, उघडलं, आणि हात मागे घेतला. एका पानाच्या कोपऱ्यावर बोटाचा पिवळट डाग होता. लहान बोटाचा. चित्रान्नाचा, म्हणजे इकडच्या हळदीच्या फोडणीच्या भाताचा असतो तसा. पोरं डब्यातलं खाऊन हात नीट न धुता पुस्तक घेतात, तसा. वसुधा त्यावरून ओरडायची पोरांना.

बाहेर मैदानावर पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजत होती.

मग सेक्रेटरींनी घसा खाकरला. आणि काय म्हणाले असतील?

"बाइंडिंग डिफेक्ट. दुकानदाराला परत करा."

मी पानावर बोट ठेवलं. "आणि डाग?"

"छापखान्यातला."

"हळदीचा? छापखान्यातला?"

"हे बघा मिस्टर सबनीस, कमिटीपुढे प्रकरण गेलंय. कोणाचं तरी नाव लागेल. टी.सी. नको, मी मोठ्या मनाने म्हणतो. मुलीने माफीनामा लिहून द्यावा. 'मी पुस्तकं चोरून वाचली, पुन्हा करणार नाही.' विषय संपला."

रेणुकाला आत बोलावलं. कागद-पेन पुढे सरकवलं. तिचे वडील तिच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, "लिव गे बाळ. सरी, झालं ते झालं. शाळा राहते की नाही? स्वल्प ऐक माझं."

"पण अण्णा, मी चोरलं नाही." ती वडिलांनाच अण्णा म्हणत होती.

"ठाऊक आहे मला. लिव."

ती रडत नव्हती. पेनचं टोपण काढून नुसती कागदाकडे बघत होती. त्या टेबलावर एवढी पुस्तकं मोकळी होऊन पडलेली, तीन मोठी माणसं भोवती, आणि त्या मुलीने वाचलं म्हणून तिच्याकडून लेखी माफी घेतली जाणार होती. वाचलं म्हणून! शाळेत!

"थांब," मी म्हणालो. आवाज बहुतेक मोठा आला, कारण बाहेरची आया डोकावली. "नाव हवंय ना तुम्हाला? मी देतो."

कागद मी माझ्याकडे ओढला. इंग्रजीत लिहिलं. अर्थ असा: 'माझी दिवंगत पत्नी वसुधा सबनीस, या शाळेची माजी लायब्ररियन, हिने कुलूपबंद कपाटातली नवी पुस्तकं परवानगीशिवाय मोकळी केली आणि मुलांना वाचायला दिली. तिच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करतो.' खाली सही.

मला वाटलं, हे फाडून टाकतील. मला वेड लागलंय म्हणतील. निदान लाजतील तरी. हेडमिस्ट्रेसबाईंनी वाचलं आणि खिडकीकडे तोंड केलं. सेक्रेटरींनी दोनदा वाचलं. मग म्हणाले,

"'यापुढे असे घडणार नाही', हे राहिलं."

अहो, खोटं नाही सांगत! त्या माणसाला तेवढंच खटकलं.

"ती हमी मला देता येणार नाही," मी म्हणालो. "जिवंतपणी तिने माझं कधी ऐकलं नाही."

रेणुकाच्या वडिलांना हसू आलं, ते त्यांनी हेल्मेटमध्ये दाबलं. सेक्रेटरींनी विचार केला, घड्याळ बघितलं, आणि त्या कागदावर शाळेचा शिक्का मारून तो फायलीत लावला. गुन्हेगार सापडला होता. तिला टी.सी. देता येत नव्हती, एवढंच. रेणुका दुसऱ्या तासापासून वर्गात बसली.

मी बाहेर पडलो, तर रेणुकाचे वडील फाटकाशी स्कूटर चालू करत होते. रेणुका माझ्यासाठी वर्गातून पळत आली होती. "थँक्यू अंकल."

माझ्या एकदम लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात, आठवडाभरात, एकाही माणसाने त्या मुलीला साधा प्रश्न विचारला नव्हता. मी विचारला. "पुस्तकं आवडली का तुला?"

"हो. ऑक्टोपसचं लई आवडलं. दीपगृहाचं पण. पण त्याचा शेवट नाही आवडला. त्या कुत्र्याला होडीतून पाठवून देतात. कशाला पाठवायचं? मिसला पण नाही आवडला."

दीपगृहाचं पुस्तक तिच्यासमोर गठ्ठ्यातून निघालंच नव्हतं. तो आठवडाभर ती घरी होती.

"मिसला? कधी म्हणाल्या त्या?"

"वाचून झाल्यावर," ती म्हणाली, जणू मी काहीतरी खुळचट विचारलं. तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली.

तिचे वडील म्हणाले, "पोरटी काय पण बोलती, साहेब. मनावर घेऊ नका." आणि स्कूटर निघून गेली.

मी ते पुस्तक दुकानातून विकत आणलं. शेवट वाचला. कुत्र्याला खरंच होडीतून पाठवून देतात. वाईटच शेवट आहे.

पुढे काय झालं, मला माहीत नाही. पुढच्या जूनमध्ये लायब्ररीची जागा कॉम्प्युटरला दिली, कपाटं गच्चीवरच्या खोलीत गेली, असं ऐकलं. मी त्या रस्त्याने जात नाही. मित्रांना सांगितलं तर प्रत्येकाकडे काहीतरी होतं. बेंगळुरूच्या दमट हवेत डिंक सैल पडतो, शिपायाचा हात असेल, मुलीने आधी कुठेतरी त्या पुस्तकाबद्दल ऐकलं असेल. असेल. मी कोणाशी वाद घातला नाही. यातलं एकही मला पुरत नाही आणि माझ्याकडे दुसरं काही नाही.

पण विकत आणलेली ती प्रत मी मुद्दाम मोकळी केली नाही. वाचलीसुद्धा अर्धवट उघडून, दोन्ही हातांनी धरून, डोकं वाकडं करून. वसुधा ज्या टेबलाशी बसायची तिथे ती ठेवली आहे. रोज सकाळी चहा झाला की मी जाऊन ती उघडतो.

ती फटकन मिटते.

शाळेत काय घडलं त्याचा उलगडा तुमच्यापैकी कोणाला झाला तर तो तुमच्यापाशीच ठेवा. मला तो नको आहे. त्या माणसांच्या शाळेत, त्या कुलपांच्या आत ती इतक्या लांबून आली... आणि इथे येत नाही, तिच्याच घरी. याचं स्पष्टीकरण मला हवं आहे, आणि ते द्यायला कोणी नाही.